गॅस न पेटवता इटालियन स्टार्टर: सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

मे महिन्यात घरी माणसं बोलवायची म्हटलं की मला आधी स्वयंपाकघर आठवतं. पारा बेचाळीसच्या पुढे, स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेला, आणि त्यात कढईसमोर उभं राहून भजी तळायची. मागच्या वर्षी आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली. पंचवीस माणसं येणार होती. जेवण बाहेरून सांगितलं होतं, पण पाहुणे आल्या-आल्या हातात द्यायचे पदार्थ मला स्वतःच्या हातचेच हवे होते. म्हणून ठरवलं की त्या दिवशी गॅस पेटवायचाच नाही.

इटालियन लोक जेवणाआधी जे खातात त्याला 'अँतिपास्तो' म्हणतात. शब्दाचा अर्थच 'जेवणाच्या आधीचं'. त्यातलं पुष्कळसं कच्चं तरी असतं, नाहीतर आधीच मुरवून-वाळवून ठेवलेलं. मी केलं होतं काप्रेझे. टोमॅटो, मोझरेला, बेसिलची पानं, मीठ आणि ऑलिव्ह ऑइल, बस्स. काप्री बेटावरून हे नाव पडलंय आणि ताटात त्यांच्या झेंड्याचे तिन्ही रंग दिसतात. ताट दिसायला देखणं झालं, पण खाताना माझी चूक कळली. मी पिझ्झावर किसायचं मोझरेला आणून त्याचे चौकोन केले होते. ते वितळवायसाठी असतं, कच्चं खाल्लं की रबर चावल्यासारखं लागतं. सासऱ्यांनी एक तुकडा बराच वेळ चघळला आणि न बोलता वाटी बाजूला ठेवली. मला फार वाईट वाटलं.

म्हणून हा धागा. नुसती कृती नको. काय जमलं, काय फसलं, आपल्या गावात कुठली वस्तू कशाच्या जागी चालली, ताटातलं आधी काय संपलं, ते सगळं लिहा. यंदा बाबांची पंचाहत्तरी आहे, तीही मे महिन्यातच.

जुळे सोलापूरहून

ताई, चूक तुमची नाही, पाकिटावर दोन्हीकडे मोझरेलाच लिहिलेलं असतं. कच्चं खायचं ते पाण्यात बुडवलेलं मिळतं, पांढरेशुभ्र मऊ गोळे. माझा भाऊ पुण्याहून आणतो, संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने. चार तासांचा प्रवास, म्हणून दुधाच्या स्टीलच्या किटलीत खाली बर्फ, वर पाकीट, आणि किटलीभोवती ओला पंचा. आजवर एकदाही खराब झालं नाही. वाढायच्या अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढायचं आणि फडक्यावर निथळत ठेवायचं. नाहीतर ताटात पाण्याचं तळं होतं आणि तेल वर तरंगतं.

पुण्याहून आणणारं कोणी नसेल तर डेअरीतून सकाळचं ताजं पनीर घ्या, तेही मऊ सांगून. तासभर मिठाच्या गार पाण्यात ठेवा, मग जाड कापा आणि वर दोन चमचे साय पसरा. मोझरेलाचा ताणलेला पोत येत नाही, पण दुधाची गोडी येते, आणि या पदार्थात तीच महत्त्वाची.

आणि मूळ काप्रेझेत व्हिनेगर नसतं. वरून काळं बाल्सामिक ओतलेले फोटो पाहून मीही घालायची. पिकलेल्या टोमॅटोचा आंबटपणा पुरतो.

पूर्व भागातून

आमच्याकडे कडक भाकरी कायम डब्यात असते. आई मंगळवेढ्याच्या ज्वारीची करायची, आता मी बचत गटाच्या बायकांकडून घेते. माझा भाचा नोकरीसाठी दोन वर्षं बारीला होता, बुटासारख्या दिसणाऱ्या इटलीच्या टाचेवरच्या पुलिया भागात. तिथे 'फ्रिझेल्ला' नावाचा प्रकार असतो. गव्हाच्या किंवा जवाच्या पिठाची कडी, दोनदा भाजून दगडासारखी कडक केलेली. ती क्षणभर पाण्यात बुडवायची, वर पिकलेला टोमॅटो चोळायचा, मीठ, ओरेगानो, तेल. तो सुट्टीला आला तेव्हा माझ्या ओट्यावरचा डबा उघडून म्हणाला, "मावशी, ही तर आपलीच फ्रिझेल्ला!" त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून पहिल्यांदा करून पाहिलं. आता आमच्या घरी कुठलाही कार्यक्रम त्याशिवाय होत नाही.

सांगते कसं. भाकरीचे तळहाताएवढे तुकडे हातानेच करायचे, सुरी लावली की भुगा होतो. लसणाची पाकळी अर्धी कापून तुकड्याच्या खरखरीत बाजूवर दोनदा घासायची. किसणीवर किसल्यासारखी ती भाकरीवरच विरते आणि तिखटपणा नेमका लागतो. टोमॅटो अर्धे करून बिया आणि पाणी काढून टाकायचं, बारीक चिरायचं, मीठ लावून चाळणीत पंधरा मिनिटं ठेवायचं. खाली जमलेलं पाणी फेकू नका, ताकात छान लागतं. मग टोमॅटोत तेल, मिरपूड, हाताने तोडलेलं बेसिल.

टोमॅटो भाकरीवर घालायचा तो पाहुणा समोर बसल्यावरच. आपण ज्वारीची भाकरी कालवणात बुडवतो तशी ही पाच मिनिटांत भिजते. कडक हवी असणाऱ्याला लगेच द्या, मऊ हवी असणाऱ्या वडीलधाऱ्यांना जरा थांबून द्या. एकाच परातीतून दोघांचीही सोय होते.

'ब्रुस्केत्ता' म्हणतात तो हाच विचार. निखाऱ्यावर भाजलेला पाव, त्यावर लसूण आणि तेल. उच्चारात 'च' नाही, 'क' आहे, भाच्याने मला दहादा म्हणायला लावलं. आपली भाकरी भाजूनच आलेली असते, म्हणून गॅस लागत नाही.

रेल्वे लाइन्समधून, थोडक्यात

तेल घेताना बाटली नीट वाचा. 'पोमेस' लिहिलेलं तेल ऑलिव्हच्या चोथ्यातून काढून शुद्ध केलेलं असतं. ते स्वयंपाकाला ठीक, पण कच्चं घालायचं तर 'एक्स्ट्रा व्हर्जिन'च हवं. पदार्थात पाचच वस्तू असतात तेव्हा तेलाची चव लपत नाही. लहान बाटली घ्या आणि ओट्यावर, खिडकीजवळ ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात लवकर खवट होतं.

बाळीवेसमधून

आमचं घर पूर्ण शाकाहारी, काही पाहुणे कांदा-लसूणही न खाणारे. म्हणून एक गोष्ट आवर्जून लिहिते. इटलीहून येणारं पार्मिजानो चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने दूध विरजून करतात. आमच्या एका कार्यक्रमात दुकानदाराने "चीजच आहे, शाकाहारीच असणार" असं सांगून दिलेलं आणलं. नंतर जावेच्या मुलीने पाकीट वाचलं. तोवर आजेसासूबाईंच्या पोटात गेलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास केला. तेव्हापासून हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय मी चीज उचलत नाही. हिरव्या ठिपक्याचं, शाकाहारी रेनेट वापरलेलं भारतीय चीज आता मिळतं, चवीलाही चांगलं असतं.

लसणाशिवाय करायचं तर रात्रभर टांगलेला चक्का घ्या. त्यात मीठ, मिरपूड, लिंबाची किसलेली साल आणि तेल घालून फेटा. काकडीच्या जाड चकतीवर एकेक चमचा, वर डाळिंबाचे चार दाणे. सांगोल्याकडचं डाळिंब असेल तर प्रश्नच नाही. इटलीत असं करत असतील असं मी म्हणत नाही, पण ताटात पहिलं हेच संपतं.

विजापूर रोडवरून

बेसिलबद्दल. पहिल्यांदा मी तुळशीची पानं घातली. दोन्ही एकाच कुळातल्या, पण तुळशीचा लवंगेसारखा वास सगळ्यावर बसला. शिवाय तुळस टोमॅटोत चिरलेली आईला रुचली नाही आणि तिचं म्हणणं मला पटलं. मग कळलं की फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे बेसिलच्याच जातीचं बी. किराणा दुकानातून दहा रुपयांचा सब्जा आणून कुंडीत टाकला, आठवड्यात उगवला. पानांचा वास इटालियन बेसिलपेक्षा जरा बडीशेपेकडे झुकतो, पण काम भागतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी हिरव्या जाळीखाली ठेवा, आणि तुरे दिसले की खुडा, नाहीतर पानं कडवट होतात.

या पानांचा मी पेस्तो करतो. जेनोव्हा शहराचा हा पदार्थ, नावाचा अर्थच कुटलेलं. तिथे पाइनच्या बिया घालतात, त्या महाग आणि बऱ्याचदा खवट निघतात. मी आपले शेंगदाणे घालतो, भट्टीवरून भाजून आणलेले. कुटण्याचा क्रम आईच्या शेंगाचटणीने मला आधीच शिकवला होता. खलबत्त्यात आधी लसूण आणि खडेमीठ, मग दाणे, त्यांना तेल सुटेपर्यंत. मग पानं, मग किसलेलं चीज, शेवटी तेल. मिक्सर गरम होतो आणि पानं काळी पडतात. अगदीच नाइलाज असेल तर भांडं आणि पातं अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि थांबत-थांबत फिरवा. हा पेस्तो कडक भाकरीवर लावून दिला तेव्हा वडील म्हणाले, "हिरवी शेंगाचटणी चांगली झालीय." त्यांनी तीन तुकडे घेतले. मला तेवढंच हवं होतं.

होटगी रोडवरून

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगते. कच्चा लसूण तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, लसणात आंबटपणा नसतो, आणि अशा जागी बोट्युलिझमचं विष तयार करणारे जंतू वाढू शकतात. वासावरून कळत नाही. लसणाचं तेल असो की पेस्तो, फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा, किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

दुसरं, न शिजवलेल्या पदार्थाला आपला उन्हाळा सोसत नाही. ३२ अंशांच्या वर हवा असेल तर चीज, पनीर, चक्का तासाभराहून जास्त बाहेर नको. मी मोठ्या पितळी परातीत बर्फ पसरते, त्यावर ताट ठेवते आणि थोडं-थोडं वाढते. उरलेलं फ्रीजमध्ये. पानं आणि टोमॅटो पिण्याच्या पाण्यानेच धुवा, हौदाच्या नाही.

मंगळवार पेठेतून

कुरडया-सांडगे घालतो त्याच गच्चीवर मी गेली चार वर्षं टोमॅटो वाळवते. भाव पडले की लक्ष्मी मार्केटमधून लांबट, जाड सालीचे टोमॅटो पाच किलो आणते. उभे अर्धे करून बिया काढायच्या, मीठ भुरभुरायचं, स्टीलच्या जाळीवर कापलेली बाजू वर ठेवून मांडायचे आणि पातळ सुती साडी बांधायची. संध्याकाळी न चुकता आत घ्यायचे. एप्रिलमध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवशी चामड्यासारखे वाकतात, तुटत नाहीत, तेव्हा काढायचे. पाच किलोचे जेमतेम साडेतीनशे-चारशे ग्रॅम होतात. पहिल्या वर्षी साडी ओलसर होती आणि दोन दिवस ढग आले, सगळ्यांना बुरशी लागली आणि पाचही किलो फेकावे लागले. तेव्हापासून अंदाज पाहून, सलग ऊन असेल तरच बसते.

दक्षिण इटलीत टोमॅटो असेच मीठ लावून उन्हात वाळवतात. वाढायच्या आदल्या रात्री व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून पिळायचे, बारीक कापून पनीरबरोबर काडीला लावायचे. एवढासा तुकडा असतो, पण चवीत अख्खा उन्हाळा उतरलेला. विकतच्या बरणीपेक्षा माझ्या मुलींना हेच आवडतात.

सात रस्त्याजवळून

ऑलिव्ह पहिल्यांदा आणले तेव्हा आमच्याकडे कोणीच खाल्ले नाहीत. फार खारट. आता बरणीतलं पाणी ओतून तासभर साध्या पाण्यात ठेवतो, मग संत्र्याची साल, चिली फ्लेक्स आणि तेल लावतो. लहान मुलांसाठी थंडगार खरबुजाचे तुकडे. तिकडे त्यावर खारवलेलं डुकराचं मांस घालतात. आम्ही खारट पनीर घालतो. गोड-खारट जोडी तीच.

बाळ्याहून

माझं वय ७१. नातीने धागा वाचून दाखवला आणि मी सांगतेय ते ती लिहितेय. मागच्या दिवाळीत ती घरी आली आणि म्हणाली, आजी, इटलीत 'पिंझिमोनिओ' करतात. कच्ची गाजरं, मुळा, काकडी, ढोबळी मिरची लांब चिरून ठेवतात आणि प्रत्येकापुढे वाटीत तेल, मीठ, मिरपूड. बुडवायचं आणि खायचं. मी म्हटलं, अगं, शेतात आम्ही हेच केलं की. बांधावर बसून मुळा उपटायचा, पुसायचा, चटणीत करडईचं तेल ओतून त्यात बुडवायचा. भाकरी असली तर असली.

तिने दोन वाट्या मांडल्या, एक तिची ऑलिव्हच्या तेलाची, एक माझी करडईच्या तेलाची, शेंगाचटणी घातलेली. भाज्या बर्फाच्या पाण्यात ठेवल्या होत्या, कुर्रकुर्र वाजत होत्या. सोसायटीतल्या बायका आल्या होत्या. दोन्ही वाट्या संपल्या, माझी दोनदा भरावी लागली. तुमच्या बाबांच्या पंचाहत्तरीला हे जरूर ठेवा, पोरी. त्यांच्या पुढ्यातली वाटी करडईच्या तेलाची ठेव, आणि मुळा कोवळा बघून घे.