हार्टच्या रिसर्चमध्ये डुक्करच का?

शंकासुर:
बाबांची मागच्या महिन्यात अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट (नळी उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळ्या). डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर बोलता बोलता म्हणाले की स्टेंट माणसात घालायच्या आधी डुकराच्या हार्टमध्ये घालून बघतात. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता :) पण खरंच, उंदीर स्वस्त, ढिगाने मिळतात, मग डुक्कर कशाला? आणि डुकराला आपल्यासारखं शुगर-कोलेस्टेरॉल होतं का? कोणी व्हेट किंवा लॅबवाले असतील तर सांगा.

परभणीचा व्हेट:
अहो उंदराचं हार्ट वाटाण्याएवढं, मिनिटाला 500-600 ठोके, त्यात 3 मिलिमीटरचा स्टेंट घालणार कुठे? डुकराचं हार्ट आणि कोरोनरी (हार्टलाच रक्त पुरवणाऱ्या नळ्या) मापाने आपल्या जवळपास असतात. कुत्र्यावर पण व्हायचं पूर्वी, पण कुत्र्याच्या हार्टमध्ये आडवाटा भरपूर, एक नळी बंद केली तरी शेजारून रक्त येत राहतं, डुकरात त्या फार कमी, त्यामुळे जी नळी बंद केली तिच्या भागातला स्नायू मरतो, म्हणजे ॲटॅक बऱ्यापैकी माणसासारखा. फक्त हार्ट महा चिडकं, जरा धक्का लागला की फिब्रिलेशन (ठोके सोडून हार्ट नुसतं थरथरतं), शॉकचं मशीन तयार ठेवूनच काम करावं लागतं. स्टेंट घातल्यावर बहुतेक वेळा 28 दिवसांनी आत पेशी किती वाढल्या ते बघतात. पण एक लक्षात घ्या, ही सहसा तरुण निरोगी डुकरं असतात, नळ्या स्वच्छ. तुमच्या बाबांच्या नळीत वर्षानुवर्षांचा थर होता, तो त्यांच्यात नसतो.

शंकासुर:
मग आजारी डुक्कर कुठून आणतात?

इंडियानातली पाहुणी:
तयार करतात! इथे इंडियाना युनिव्हर्सिटीत ऑसाबॉ जातीच्या डुकरांवर बरंच काम झालंय. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यालगत ऑसाबॉ बेट आहे, तिथे स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात सोडलेल्या डुकरांची ही पिल्लावळ असं मानतात. बेटावर हंगाम असला की ओकची फळं पोटभर, नाहीतर उपास, त्यामुळे मिळेल तेव्हा चरबी साठवणारी जनावरंच टिकली. आता अशाला रोज आयतं तूप-साखरेचं ताट वाढलं (म्हणजे फॅट, कोलेस्टेरॉल, फ्रुक्टोज घातलेलं खाद्य) की काही महिन्यांत पोट सुटतं, बीपी वाढतं, इन्सुलिन नीट चालेनासं होतं, कोरोनरीत थर धरायला लागतो. युकाटन मिनिपिगचं (लॅबमध्ये वापरतात ती दुसरी, छोट्या चणीची जात) त्याच खाण्यावर एवढं बिघडत नाही. गंमत म्हणजे ऑसाबॉची उपाशीपोटीची शुगर सहसा चढत नाही, गाडी प्री-डायबेटिसलाच अडकते. पूर्ण डायबेटिस हवा तर स्ट्रेप्टोझोटोसिन किंवा ॲलोक्सन ही रसायनं देऊन इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात, पण मग तो टाइप 1 च्या (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही) जास्त जवळचा.

खवय्या नं १:
म्हणजे ही डुकरं आणि आपण सारखेच की! दुष्काळाची जीन्स आणि वर दिवाळीचा फराळ. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक भारतीय लोक दिसायला बारीक पण आतून चरबीवाले म्हणतात ते हेच ना?

इंडियानातली पाहुणी:
नाही हो, इथे सगळे गल्लत करतात. दुष्काळात टिकायची जीन्स हा जेम्स नील या जनुकशास्त्रज्ञाचा 1962 चा अंदाज, ऑसाबॉची गोष्ट त्यात बसते. याज्ञिकांचं काम मुख्यतः आईच्या पोटातल्या पोषणाबद्दल आहे, ते हेल्स आणि बार्कर या संशोधकांच्या 1992 च्या मांडणीच्या (पोटात असताना उपासमार झाली की पुढे डायबेटिसचा धोका वाढतो) जास्त जवळ जातं. बाळ वजनाला कमी पण चरबी त्या मानाने जास्त. पिढ्यान् पिढ्यांची निवड वेगळी आणि नऊ महिन्यांतली उपासमार वेगळी.

शंकासुर:
आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते बेट वगैरे ठीक आहे, पण त्या डुकरांचं शेवटी काय करतात ते विचार.

परभणीचा व्हेट:
भूल देऊन मारतात. नळीचे काप काढल्याशिवाय मायक्रोस्कोपखाली बघणार काय?