पाणलोटाचं भूजल मॉडेल करायचंय, कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं? (बजेट १५ हजार)

सातपुडा_पायथा: नमस्कार. गाव यावल तालुक्यात. चांगल्या पावसात विहिरी कितपत भरतात आणि कोरड्या वर्षी मार्चपर्यंत किती खाली जातात हे आधी कळलं, तर कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावायची केळी) किती लावायची ते गाव मिळून ठरवेल. लॅपटॉप आहे, पैसे १५ हजारच.

धुळेकर_इंजिनिअर: ताई, विकतचंच घ्या. माझं लाखाच्या वर गेलं, पण नकाशे असे सुंदर निघतात!

रावेर_केळी: मॉडेल कशाला भो? २०१८ ला तीन बोअर मारले, दोन कोरडे. तिसऱ्यावर बाग वाचली. चौथा मारा.

तापीकाठ: सॉफ्टवेअरला पैसे घालू नका. मॉडफ्लो हे भूजल मॉडेलचं सॉफ्टवेअर अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं, १९८४ पासूनचं. फुकट आहे. चित्रावरून भरायला मॉडेलम्यूज, तेही फुकट. अवघड काम खडकाचे आकडे. बेसाल्टात (काळ्या खडकात) खरं निघणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण २ टक्के, गाळात ६ ते १६. १०० हेक्टरवर पातळी १ मीटर उतरली तर बेसाल्टात २ कोटी लिटर, वाळूच्या गाळात १६ कोटी. तुमच्याकडे पायथ्याला गोटे, खाली तापीकडे पिवळी माती. एकच आकडा गावभर लावला की संपलं.

शिरपूर_शेजारी: शिरपूर पॅटर्न बघा, नाले खोल करा. पाणी दिसतं डोळ्याला.

साक्री_बेसाल्ट: खोल केलेल्या नाल्यातून किती मुरतं तेच तर मॉडेलने सांगायचं ना! शिवाय तिथला प्रयोग आमच्या काळ्या खडकात तसाच चालतो असं नाही.

शिरपूर_शेजारी: आमच्याकडेही खडक आहे, भाऊ.

साक्री_बेसाल्ट: असू दे. ताई, माझी चूक ऐका. मी मॉडेलचे आकडे फक्त बऱ्या पावसाच्या वर्षांतल्या विहिरींच्या पातळीशी जुळवले. २०१८ ला साफ फसलं. पाऊस निम्मा झाला की पुनर्भरण (जमिनीत मुरून भूजलाला मिळणारं पाणी) निम्मं होत नाही, त्याहून जास्त घटतं, कारण आधी जमीन तिची तहान भागवते. वर लोक उपसा वाढवतात. एक कोरडं आणि एक ओलं वर्ष जुळवणीतून बाजूला ठेवा, त्यावर परीक्षा घ्या. विहिरींच्या पातळीच्या नोंदी राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून मागा.

धुळेकर_इंजिनिअर: तेच म्हणतो, विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवणी आपोआप होते.

रावेर_केळी: वीजबिल कोण मोजतं? मीटर असेल तर उपसा तिथे दिसतो.

सातपुडा_पायथा: सगळ्यांचे आभार. वीजबिलाची गोष्ट पटली, पंपाचे तास लिहून ठेवेन. पण सध्या सॉफ्टवेअर नाही, बोअर नाही, नालाही नाही. यंत्रणेच्या नोंदी वर्षाला चारच: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. ऑगस्टमध्ये विहीर कशी चढते ते त्यात सापडत नाही. म्हणून पर्जन्यमापक आणि मोजायची टेप घेतेय, बारा विहिरी दर पंधरा दिवसांनी मोजणार. पायथ्याच्या पाच वेगळ्या, खालच्या सात वेगळ्या. यंदाचा पाण्याचा ताळेबंद एक्सेलमध्येच. ऑक्टोबरच्या मोजणीवर कांदेबागेचा आकडा गावापुढे ठेवते, इथेही टाकेन.

तापीकाठ: टेप स्टीलची घ्या, कापडी ताणते.