पाळीची लढाई, क्रमाधारित की सरळ टर्नबेस्ड?

कोपरीकर
ठाण्यातल्या आमच्या वाचनालयात मे महिन्यात मुलांसाठी कॉम्प्युटर गेमवर शिबिर आहे. आरपीजींची (रोल-प्लेइंग गेम, एखादं पात्र होऊन खेळायचे गेम) ओळख करून देणारं टिपण माझ्याकडे आलंय. त्यात लढाईच्या दोन तऱ्हा सांगायच्या आहेत. एक फॉलआउटसारखी (१९९७). तुमची पाळी आली की अॅक्शन पॉइंट (त्या पाळीत खर्चायचे गुण) पुरतील तोवर चाला, गोळी झाडा, औषध घ्या. समोरचा तोवर गप्प उभा. दुसरी बाल्डर्स गेटसारखी (१९९८). सगळे एकदमच भिडतात, आणि आपण स्पेसबार दाबून चित्र थांबवायचं, सहाही जणांना हुकूम द्यायचे आणि परत सोडायचं.

मी 'पाळीची लढाई' आणि 'धावती लढाई' असं लिहिलं. टिपण तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'क्रमाधारित युद्धप्रणाली' आणि 'वास्तविक-कालीन युद्धप्रणाली' केलं. पाळी म्हटलं की मुलं हसतील, असं त्यांचं म्हणणं. बारा वर्षांच्या पोरासमोर 'वास्तविक-कालीन' ठेवायला माझं मन घेत नाही. तुम्ही काय म्हणाल?

मंजिरी_वाशी
मी नववीला शिकवते. फळा पुसायची पाळी कुणाची, प्रार्थना सांगायची पाळी कुणाची, हे वर्गात रोज चालतं आणि कुणी हसत नाही. 'माझ्यावर ही पाळी आली' हेही सगळे बोलतात. बाईंनी असा एकेक ठिकाणाहून शब्द काढत नेला तर एक दिवस त्याचा तेवढाच अर्थ उरेल. आणि उरलेल्या अर्थातही लाजण्यासारखं काही नाही. पाळी ठेवा. मुलं हसलीच तर शिबिरात दोन मिनिटं त्यावर बोला.

शार्दूल_ऐरोली
दादा, आम्ही खेळणारे 'टर्नबेस्ड' आणि 'रिअल टाइम' म्हणतो. त्या मुलांनाही हेच शब्द माहीत आहेत. नवीन शब्द कशाला?

शिवाय 'पाळी' अडकणार आहे. बाल्डर्स गेटमध्ये मंत्राच्या वर्णनात 'टर्न' येतो तो तुमच्या अर्थाने नाही. तिथे राउंड म्हणजे ६ सेकंद आणि टर्न म्हणजे १० राउंड. टेबलाभोवती बसून खेळायच्या ज्या खेळाच्या कागदी नियमांवरून (डंजन्स अँड ड्रॅगन्स) हा गेम बनला त्यात राउंडच १ मिनिटाचा होता, म्हणजे टर्न १० मिनिटांचा. 'हा मंत्र एक पाळी टिकतो' असं कुणी लिहिलं तर पोरगं समजणार की पुढचा खेळला की मंत्र उतरला. प्रत्यक्षात तो पूर्ण मिनिटभर असतो. ज्या गेमला आपण टर्नबेस्ड म्हणतच नाही त्यात टर्न हे वेळेचं माप आहे, हे लक्षात घ्या.

निरुक्त
त्या मापाला 'घटका' म्हणा आणि पाळीला मोकळं करा. इंग्रजीने एका शब्दावर दोन ओझी टाकली म्हणून आपणही टाकावीत असं नाही.

व्युत्पत्तीचंही सांगतो. संस्कृत 'पालि' म्हणजे कड आणि रांगही. कानाची पाळी म्हणतो ती हीच. याच पाळीला आळी चिकटून आपण 'आळीपाळीने' म्हणतो. आळी म्हणजेही ओळ, म्हणून वस्तीला आळी. म्हणजे पाळीत मुळात रांग आहे, आणि या गेममध्ये रांग डोळ्यांना दिसते. बाल्डर्स गेट ३ मध्ये (२०२३) लढाई लागली की पडद्याच्या वर सगळ्यांचे चेहरे ओळीने लागतात, ज्याचा चेहरा पुढे तो खेळतो. याहून नेमका शब्द शोधून सापडणार नाही. 'क्रमाधारित' मात्र कोरडा आहे. क्रम पाढ्यांनाही असतो.

बेलापूर_पट्टा
ठाणे-बेलापूर रोडवरच्या रसायनांच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला होतो, म्हणून दोन्ही शब्दांवर बोलतो. पाळी आमच्याकडे तीन: पहिली, दुसरी आणि रात्रपाळी. पुढच्या पाळीचा माणूस गेटातून आत येऊन रजिस्टरवर सही करेपर्यंत आधीच्याने पॅनेल सोडायचं नाही. पावसात गाड्या बंद पडल्या की दुसऱ्या पाळीवाला तसाच रात्रभर बसायचा. सुटका दुसऱ्याच्या हातात, ही पाळीची खरी जात.

आता 'रिअल टाइम'. हा शब्द आमच्या कंट्रोल रूममध्ये गेमच्या आधीपासून आहे आणि त्याचा अर्थ 'झटपट' असा नाही. प्रेशर चढलं तर ठरलेल्या मुदतीच्या आत व्हॉल्व्ह उघडलाच पाहिजे, याला रिअल टाइम म्हणतात. मुदत अर्ध्या सेकंदाची असो की दहा सेकंदांची. घड्याळ तुमच्यासाठी थांबत नाही, एवढंच त्यात आहे. 'वास्तविक' हा शब्द तिथे काहीच सांगत नाही.

मंजिरी_वाशी
काका, मग 'चालत्या घड्याळाची लढाई' कशी वाटते? लांब आहे, पण मुलाला अर्थ विचारावा लागणार नाही.

खारेगाव_फाटक
सोपं करा. धीमी आणि जलद. ठाण्याच्या फलाटावर वाढलेल्या पोराला वेगळं समजवावं लागत नाही.

शार्दूल_ऐरोली
नाही, वेगाचा यात संबंधच नाही. पिलर्स ऑफ इटर्निटीचा दुसरा भाग, डेडफायर, २०१८ ला आला तो स्पेसबारवाला. पुढच्या वर्षी त्याच गेममध्ये टर्नबेस्ड पद्धत वेगळी घातली. माणसं, राक्षस, हत्यारं सगळं तेच. पण धावत्या पद्धतीत खंजीरवाल्याचा हात लवकर मोकळा होतो. मोठी तलवार एकदा फिरते तोवर तो जास्त वेळा भोसकतो, म्हणून एका वाराचं नुकसान कमी असूनही खंजीर परवडतो. पाळ्या लावल्या की फेरीत दोघांना एकेकच वार. खंजीरवाल्याची पाळी आधी येते, पण जास्त वेळा येत नाही. मग तलवार भारी पडते. लोकांनी आपापली पात्रं नव्याने बांधली यावरून.

म्हणजे पद्धत बदलली की कोण बलवान तेच बदलतं. 'धीमी' म्हटलं तर मुलांना वाटेल की तोच गेम सावकाश चाललाय.

निरुक्त
शार्दूल, हे तू किती स्वच्छ मराठीत समजावलंस! लढाई, फेरी, वार, नुकसान, पाळ्या. आणि म्हणतोस मराठी शब्द कशाला. महापौर आणि दिग्दर्शकही कुणीतरी बसून घडवले होते. सावरकरांनी ते दिले तेव्हा ते कुणाच्या तोंडी नव्हते, आज कुणाला खटकत नाहीत.

शार्दूल_ऐरोली
ते रोज पेपरात छापून आले म्हणून रुळले. 'वास्तविक-कालीन' एका शिबिराच्या टिपणात छापून रुळेल का? 'पाळी' मला चालेल, ती आहेच भाषेत. बनवलेला शब्द नको, एवढंच म्हणतोय.

जुना_खोखोपटू
पाळी आहेच भाषेत, पण तिच्यात 'समोरचा गप्प उभा' हे नाही, इकडे कुणी पाहत नाही. खो-खोत एका डावात दोन पाळ्या, एक पाठलागाची, एक पळतीची, नऊ-नऊ मिनिटांच्या. पाळी आमची असते तेव्हा समोरचे जीव घेऊन पळत असतात! पाळी आहे आणि घड्याळही धावतंय. म्हणजे तुमच्या दोन्ही तऱ्हा एकाच खेळात. कोपरीकर, 'पाळीची लढाई' वाचून खो-खो खेळणारं मूल उलटं समजेल.

तुमच्या फॉलआउटला खरं तर 'खो' बसतो. एक उठतो, आपलं काम करतो, पुढच्याला खो देतो. तोवर बाकीचे बसलेले.

बेलापूर_पट्टा
खो देणारा त्याच जागी बसतो आणि उठलेला त्याच्याच संघाचा असतो. गेममध्ये पुढची पाळी शत्रूची असू शकते. शत्रूला कोण खो देतं?

जुना_खोखोपटू
मान्य, पण पाळीतली खोट त्याने भरून येत नाही.

कोपरीकर
मग पाळीच्या ऐवजी 'राज्य' चालेल का? आपण लहानपणी 'कुणावर राज्य?' म्हणायचो. आणि स्पेसबारवाल्या तऱ्हेला 'टाइमप्लीज'? पळता पळता मूठ वर करून टाइमप्लीज म्हटलं की सगळे जागच्या जागी. नेमकं तेच होतं तिथे.

मंजिरी_वाशी
टाइमप्लीज फार छान! माझ्या वर्गातली मुलं अजून म्हणतात. राज्य नको, राज्य ज्याच्यावर येतं त्याला बाकीचे पळवतात. तो शिक्षेचा शब्द आहे, हक्काचा नाही.

निरुक्त
'विराम' असताना टाइमप्लीज?

मंजिरी_वाशी
विराम लिहिण्यात असतो हो. मैदानात कुणी विराम मागितलेला मी ऐकला नाही.

मालवणी_ठाणेकर
सगळे पाळी पाळी करताहात, बारी कुणालाच आठवली नाही? डबलबारीला, म्हणजे दोन भजनीबुवांच्या सामन्याला, या एकदा. एक बुवा आपली बारी गातो, गजर करतो, समोरच्याला कोडं घालतो. तोवर दुसरा बुवा पखवाजवाल्याशेजारी बसून ऐकत असतो, मध्ये तोंड उघडत नाही. मग त्याची बारी, तो उत्तर देतो आणि परत प्रश्न टाकतो. सामना आहे, हारजीत आहे आणि समोरचा खरोखरच गप्प आहे. फॉलआउट हाच. 'बारीची लढाई' लिहा.

निरुक्त
बारी हिंदी आहे. 'मेरी बारी, तेरी बारी.'

मालवणी_ठाणेकर
हिंदीत असेल. आमच्या आजीला हिंदीचा एक शब्द येत नव्हता आणि ती बारीच म्हणायची. विहिरीवर पाण्याची बारी. कोकणातला शब्द दिसला की हिंदी, कानडी म्हणून बाहेर काढायची ही सवय सोडा.

जुना_खोखोपटू
विहिरीची ना? आमच्याकडे साताऱ्यात पाटाच्या पाण्याची पाळी असते. रात्री दोनला पाळी आली तर दोनला उठून दारं धरायची. बारी ऐकली नाही कधी.

खारेगाव_फाटक
जुन्नरकडे बैलगाडा शर्यतीत बारी असते की. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडा सोडला की 'बारी झाली' म्हणतात. तिथे तर नुसतं घड्याळ पळतं.

मालवणी_ठाणेकर
त्यातही एका वेळी एकच गाडा सुटतो ना? बाकीचे थांबलेले असतात.

निरुक्त
बैलगाड्यातली बारी आणि भजनातली बारी एकच, हे आधी दाखवून द्या.