सेकंड हँड मस्टँग: ९ हजार किमीवाली की ३८ हजारवाली?

बी-७०३: नमस्कार मंडळी. गाड्यांतलं कळणाऱ्यांचा सल्ला हवाय. फोर्ड मस्टँग जीटी घ्यायचं मनात आहे. दोन बघून ठेवल्यात, दोन्ही २०१७ च्या. एक पुण्यातलीच, ९ हजार किमी चाललेली, डीलर ५८ लाख सांगतोय. दुसरी नाशिकची, ३८ हजार किमी, मूळ मालकाकडेच आहे, तो ४९ म्हणतोय. माझा कल पहिलीकडे आहे. ५८ जास्त होतात का?

ए-४०१: नऊ हजार म्हणजे नवीच की! घेऊन टाका दादा.

सी-९०२: घाई नको. इतक्या वर्षांत नऊच हजार म्हणजे गाडी महिनोन्महिने उभी होती. उभ्या गाडीची रबरं कडक होतात, बॅटरी बसते, ब्रेक ऑइल ओलावा धरतं. टायरच्या कडेला डॉट कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाच. २४१७ असेल तर टायर २०१७ च्या २४ व्या आठवड्यातला. नक्षी कितीही शाबूत दिसो, तो काढायचाच. ४०० हॉर्सपॉवर मागच्या दोन चाकांवर उतरते, तिथे जुनं रबर म्हणजे जिवाशी गाठ आहे.

बी-७०३: पण काका, डीलर म्हणतो पंचाहत्तर लाखांची गाडी, आता मिळतही नाही, भाव चढतच जाणार.

सी-९०२: जुलै २०१६ मध्ये आली तेव्हा दिल्लीत एक्स-शोरूम ६५ लाख होती, नंतर ७५ च्या घरात गेली. गाडी पूर्ण आयात, त्यामुळे त्यातला मोठा हिस्सा आयात शुल्क आणि करांचा. तो पहिल्या मालकाने भरला, तू कशाला भरून द्यायचास? आणि ‘मिळत नाही’ हे दोन्ही बाजूंनी लागू. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस चालू ठेवलीय, पण मस्टँगचा हेडलाइट किंवा बंपर फुटला तर मागवावा लागतो आणि तोवर गाडी जागेवर. हे भावात धरायलाच हवं. इंजिनाची मला तेवढी काळजी नाही. पाच लिटरचं व्ही-८, टर्बो नाही, अमेरिकेत याच घराण्यातलं इंजिन एफ-१५० पिकअपलाही बसतं.

डी-१०३: मी विम्यात काम करते म्हणून सांगते. डीलर आयडीव्ही, म्हणजे विम्याच्या कागदावरची गाडीची किंमत, दाखवून भाव पटवेल, त्याला भुलू नका. घसाऱ्याचा ठरलेला तक्ता पाच वर्षांपर्यंतच, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. पुढे आकडा कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. तो काही बाजारभाव नव्हे. त्यापेक्षा चालू पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, बघा. ५० टक्के असेल तर सलग पाच वर्षं क्लेम नाही. शून्य असेल तर का, ते विचारा. हा बोनस मालकाचा असतो आणि दुसऱ्या गाडीवरूनही आणता येतो, म्हणून क्लेमचा लेखी तपशीलही मागा.

बी-७०३: हे माहीतच नव्हतं ताई, थँक्यू.

ए-४०१: दिल्लीत अशीच ४२ ला दिसतेय!

सी-९०२: तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला वाहन कर नव्याने, त्यात आयात गाडीला दर चढा. जुना कर परत मिळवायला खेटे. स्वस्त राहत नाही ती.

बी-७०३: पुण्याच्या गाडीला चार लाखांचा एक्झॉस्ट लावलाय, तो धरायचा का?

सी-९०२: अजिबात नाही. उलट मूळचा एक्झॉस्ट जपून ठेवलाय का विचार, नसेल तर मी पैसे कमी करेन. ईसीयू रीमॅप केलाय का, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवलीय का, तेही खोदून विचार. ज्याने ताकद वाढवली त्याने ती वापरलीही असणार. नाशिकवाल्याकडे सर्व्हिसचे कागद आहेत?

बी-७०३: सगळे, दरवर्षीचे. फोटो पाठवलेत.

सी-९०२: मग माझं मत नाशिकच्या बाजूने. नियमित चाललेली आणि दरवर्षी ऑइल बदललेली गाडी मला उभ्या गाडीपेक्षा जास्त मोलाची वाटते. तिच्या चॅसिस नंबरवरून सर्व्हिस सेंटरमधली नोंद काढ आणि किमी जुळवून बघ. रंगाची जाडी मोजणाऱ्या पेंट मीटरने प्रत्येक पॅनल मोज, एकच दार दुप्पट जाड आलं तर ते रंगवलेलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ, तळाशी चिखलाची रेघ असेल तर गाडी पाण्यात गेली होती. मग लिफ्टवर चढवून टायर, ब्रेक, बुशिंग (सांध्यांतली रबरं) यांचं लेखी कोटेशन घे आणि ४९ मधून तेवढे वजा कर. सगळं नीट निघालं तर ४५-४६ योग्य वाटतात. पुण्याचीला मी ५० च्या वर जाणार नाही.

डी-१०३: मालकाकडून थेट घेतली तर जीएसटीचा प्रश्नही नाही. डीलरला त्याच्या नफ्यावर १८ टक्के भरावा लागतो, तो शेवटी आपल्याच माथी येतो.

बी-७०३: गाडीवर बँकेचा बोजा आहे असं मालक म्हणाला होता.

सी-९०२: मग बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनच्या वर एक रुपया देऊ नकोस. ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० समोर बसून भरून घे. रविवारी मी मोकळा आहे, पेंट मीटर माझ्याकडे आहे.

बी-७०३: रविवारी सकाळी सहाला निघू काका. मालकाला आत्ताच फोन करतो, गाडी सुरू करून ठेवू नका म्हणून. थंड इंजिनच ऐकायचंय.