एक जानेवारी त्यांची, पाडवा आपला. मग पुनव कुणाची?

पैठणकर
डिसेंबर लागला की आमच्या गल्लीत दोनच मेसेज फिरायलेत: एक केकच्या ऑर्डरीचा, दुसरा 'आपलं नववर्ष पाडव्याला, एक जानेवारीच्या शुभेच्छा देऊ नयेत'. मी दुसऱ्या पार्टीचा. शालिवाहनाचं शक ज्या गावाच्या नावानं सांगतात, त्या गावानं ख्रिश्चनांचं नववर्ष कशाला नाचून काढायचं? नाताळ त्यांचा सण, त्याला आपली ना नाही. पण ३१ ची रात्र आपली कधीपासून झाली?

जालन्याचा मास्तर
एक जानेवारी ख्रिश्चनांची हे तुम्हाला कुणी सांगितलं? रोमन लोक येशूच्या आधीपासून ती धरत होते. इंग्लंडात तर १७५२ पर्यंत कायद्यानं वर्ष २५ मार्चला बदलायचं. चर्चच्या हिशेबानं हा नाताळापासून आठवा दिवस, बाळाचं नाव ठेवल्याचा. म्हणजे आपल्या भाषेत बारसं! बारशाला कुणी डीजे लावतं का?

पैठणकर
लावतात की. मागच्या महिन्यात आमच्याच गल्लीत लावला होता.

फसली सन
मला मराठवाड्याच्या माणसानं कॅलेंडरवरून भांडावं याचंच हसू येतं. निजामाच्या काळातल्या आमच्या जमिनीच्या कागदांवर फसली सन, म्हणजे महसुलाचं वर्ष आहे. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं, आणि ही बेरीज तलाठ्यापुढं चुकली की गेला दिवस. पणजोबांनी फसली वापरलं, कुणाचा धर्म बुडाला नाही. आणि मुक्तिसंग्राम दिन कधी करता? १७ सप्टेंबरला. भाद्रपदातली तिथी कुणी काढून बघितली का?

पैठणकर
तो सरकारी दिवस. सणाचं तसं नसतं. सणाला तिथी लागते, चंद्र लागतो. इंग्रजी तारखेला चंद्राशी काय देणंघेणं? भिंतीवरचा आकडा नुसता.

जालन्याचा मास्तर
इथंच तुम्ही अडकलात. ईस्टर, म्हणजे येशू पुन्हा उठल्याचा त्यांचा सण, चंद्रावरच चालतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पुनव येईल, तिच्या पुढचा रविवार. चर्चची पुनव त्यांच्या कोष्टकातली, त्यामुळं पंचांगाशी एखाद्या दिवसाचा फरक पडतो, पण पुनवच. २०२३ ला हनुमान जयंती ६ एप्रिलला, ईस्टर ९ ला. २०२४ ला ईस्टर आला ३१ मार्चला, होळीच्या पुनवेमागं. का? तर मधे आपला अधिक श्रावण होऊन गेला आणि पाडवाच ९ एप्रिलला गेला. आपण अधिक मास घालून ऋतू धरून ठेवतो, ते २१ मार्चची रेघ मारून. पेच एकच आहे राव.

राखेचा बुधवार
मी ख्रिस्ती, जालन्याचीच. आमच्या आज्जी ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस मटणाला शिवायच्या नाहीत. शेजारच्या काकू श्रावण पाळायच्या, त्यामुळं एकमेकींच्या घरी काय चालत नाही ते दोघींनाही पाठ. नाताळाला आमच्याकडं करंज्या आणि चिवडाच असतो. केक बेकरीतून येतो, तोही पाहुणे मागतात म्हणून.

पैठणकर
ताई, करंज्यांचं मान्य. मास्तर, पुनवेचंही मान्य; हे मला खरंच माहीत नव्हतं. पण त्यानं माझा मुद्दा उलट पक्का होतो. त्यांचा खरा सण पुनवेचा, तो आपण बघतसुद्धा नाही. गुड फ्रायडेला, येशूच्या मरणाच्या दिवशी, 'हॅप्पी' लिहून पाठवणारे आपलेच! अन् उचललं काय, तर ३१ डिसेंबरचा धांगडधिंगा. आदर असता तर उपास उचलला असता.

फसली सन
पाडव्याच्या दुपारी श्रीखंड खाऊन झोपणारे आपण. कुणाचा उपास उचलताय?

राखेचा बुधवार
दादा, ३१ ला रात्री आमच्या चर्चमध्ये उपासना असते. सरत्या वर्षाची क्षमा मागायची, बाराला गुडघे टेकून प्रार्थना. मागच्या वर्षी मैदानावरच्या डीजेमुळं पाळकांचं एक वाक्य कानावर पडलं नाही. तुम्ही तक्रार करणार असाल तर अर्जावर माझीही सही घ्या.