उपग्रह पूर्ण जळेल अशाच साहित्यातून बनवावा का?

पुनर्प्रवेश (धागाकर्ता)

८ मार्च २०२४ रोजी फ्लोरिडातल्या नेपल्स शहरात एका घराचं छप्पर आणि मजला फोडून धातूचा तुकडा आरपार गेला. वजन साधारण सातशे ग्रॅम, धातू इन्कोनेल. अवकाश स्थानकावरून मार्च २०२१ मध्ये जुन्या बॅटऱ्यांची अडीच टनांहून जड रास सोडून दिली होती, तिच्यातला हा आधाराचा दांडा. ती रास वातावरणात पूर्ण जळून जाईल, असं नासाचं गणित होतं.

इन्कोनेल हा निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू मुळात प्रचंड उष्णता सोसण्यासाठीच घडवला आहे. त्याने ती सोसली, यात नवल कसलं?

माझी मागणी अशी आहे: ज्या यानाला शेवटी ठरवलेल्या समुद्रात उतरवता येत नाही, त्याच्यात टायटॅनियम, इन्कोनेल, सिलिकॉन कार्बाइड यांचे मोठे भाग वापरायला परवानगीच नसावी. आजवर साहित्य निवडताना वजन, ताकद आणि ताठपणा पाहिला गेला. वस्तूचा शेवट कसा होणार, हा निकषही तितक्याच वरच्या जागी हवा. जमिनीवरच्या कुणाला इजा होण्याची शक्यता एका पुनर्प्रवेशामागे, म्हणजे यान एकदा वातावरणात परत येण्यामागे, दहा हजारात एकापेक्षा कमी असावी, असा प्रचलित दंडक आहे. एकेका यानासाठी तो ठीक वाटतो. पण दहा हजार उपग्रहांचा ताफा असेल आणि प्रत्येक जण नेमका त्या मर्यादेवर असेल, तर सरासरीने एक माणूस जखमी होणारच. हे कुणी मान्य केलं, आणि कुणाला विचारून?

सांधेजोड

असहमत. तुमची काळजी रास्त आहे, पण उपाय चुकीच्या ठिकाणी शोधताय.

टायटॅनियमची इंधनटाकी कुणी हौसेने बनवत नाही. हायड्रॅझिन या यानाच्या इंधनासोबत ती वर्षानुवर्षं सुरक्षित राहते, वजनाच्या मानाने तिची ताकद जास्त असते. दुर्बिणीच्या चौकटीला सिलिकॉन कार्बाइड लागतं, कारण ते अतिशय ताठ असतं आणि तापमान बदललं तरी फारसं प्रसरण पावत नाही. हे काढून घ्या आणि मग पृथ्वीचं निरीक्षण करणारा चांगला कॅमेरा कशावर बसवायचा ते सांगा.

टायटॅनियमच्या जागी ॲल्युमिनियमची टाकी घ्या, असं सुचवलं जातं. पण ती तितकीच मजबूत करायची तर जाड तरी करावी लागते किंवा वरून कार्बन तंतूंचं वेष्टन द्यावं लागतं. आणि कार्बन तंतू जळतात कुठे? १९ फेब्रुवारी २०२५ ला फाल्कन ९ रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यातल्या अशाच वेष्टनाच्या टाक्या पोलंडमध्ये पोझनान शहराजवळ पडल्या. ड्रॅगन यानाच्या मागच्या भागाचे कार्बन तंतूंचे मोठमोठे पत्रे २०२४ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेत सापडले. तंतूंना बांधून ठेवणारी राळ करपते, तिचा कोळसा होतो, आणि तोच आतल्या थरांचं रक्षण करतो.

म्हणजे तुमच्या बंदीच्या यादीत नसलेलं साहित्यसुद्धा खाली येतं.

पुनर्प्रवेश

मग कार्बन तंतूही यादीत घालू. वितळणबिंदूचा मुद्दा तरीही उरतोच. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, टायटॅनियम १६६८ अंशांना. जानेवारी २००१ मध्ये डेल्टा २ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचं टायटॅनियमचं मोटरकवच सौदी अरेबियाच्या वाळवंटात पडलं. साधारण सत्तर किलोची ती वस्तू होती. तेच कवच ॲल्युमिनियमचं असतं तर खाली काय पोचलं असतं?

सांधेजोड

वितळणबिंदू महत्त्वाचा आहे, पण का, ते नीट पाहायला हवं. खालच्या कक्षेतून येणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला जवळपास ७.८ किलोमीटर असतो. दर किलोमागे ही सुमारे ३० मेगाज्यूल ऊर्जा झाली. यातली बहुतेक हवा तापवण्यात जाते, थोडीच वस्तूला मिळते. तरी एक किलो ॲल्युमिनियम वितळवायला साधारण एकच मेगाज्यूल लागतं, आणि टायटॅनियमलाही त्याहून फार जास्त लागत नाही. मग टायटॅनियम का वाचतं? तापलेली वस्तू स्वतःही उष्णता बाहेर फेकते आणि तापमान वाढेल तसं हे फेकणं झपाट्याने वाढतं. टायटॅनियम लालबुंद होऊन येणारी उष्णता तितक्याच वेगाने परत देऊ शकतं. ॲल्युमिनियमला तेवढं तापायची संधीच मिळत नाही, त्याआधीच ते पाणी होतं.

आता दुसरी बाजू. ऑगस्ट २०२४ मध्ये कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात एका शेतात स्टारलिंक या इंटरनेट-उपग्रहाचा अडीच किलोचा तुकडा पडला. तो ॲल्युमिनियमचा होता! सपाट, हलकी वस्तू वरच्या विरळ हवेतच वेग गमावते, त्यामुळे तिच्यावर उष्णतेचा मोठा मारा होतच नाही. शिवाय एखादा भाग पेटीच्या आत किती वेळ झाकलेला राहिला, यावरही बरंच ठरतं. यानाची चौकट साधारण ७५ ते ८० किलोमीटर उंचीवर फुटते. तोवर आतल्या टाकीला झळही लागलेली नसते, आणि ती उघडी पडते तेव्हा जळायला थोडाच वेळ उरलेला असतो.

म्हणून माझं म्हणणं आहे की सांधे बदला. मधमाशीच्या पोळ्यासारख्या पोकळ पत्र्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या खिट्या कमी तापमानाला सुटणाऱ्या करा, म्हणजे चौकट अधिक उंचीवर उकलेल आणि टाकीला जळायला पुरेसा वेळ मिळेल. साहित्य तेच, रचना वेगळी.

निळा_थर

तुम्ही दोघेही ‘जळालं’ म्हणजे ‘संपलं’ असं धरून बोलताय. मला हे मुळातच मान्य नाही.

जळालेला उपग्रह कुठे जातो? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विमानाने स्थितांबरातले, म्हणजे ओझोनचा थर असलेल्या वरच्या हवेतले, कण टिपून तपासले होते. तिथल्या मोठ्या सल्फ्युरिक आम्लाच्या कणांपैकी सुमारे १० टक्क्यांत यानांमधून आलेलं ॲल्युमिनियम आणि इतर धातू आढळले. २०२४ च्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की २५० किलोच्या उपग्रहातून साधारण ३० किलो ॲल्युमिनियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, आणि ते खाली यायला काही दशकं लागू शकतात. या कणांच्या पृष्ठभागावर क्लोरीनच्या अशा अभिक्रिया होतात, ज्यांतून ओझोनचा नाश होतो. ऑक्साइड त्यात स्वतः खर्ची पडत नाही, म्हणून तोच कण पुन्हा पुन्हा काम करत राहतो.

पुनर्प्रवेश यांची मागणी मान्य केली तर जमिनीवरचा धोका कमी होईल आणि हवेतला वाढेल. सांधे लवकर सुटले तर तोही भार वाढणारच. जखमी होणारा माणूस दिसतो, ओझोन दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

पुनर्प्रवेश

उल्कांमधूनही रोज टनावारी पदार्थ वातावरणात येतोच की. पृथ्वीला ते नवीन नाही.

निळा_थर

उल्कांमध्ये लोह, मॅग्नेशियम, सिलिकॉन भरपूर असतं, ॲल्युमिनियम त्या मानाने थोडं. मी म्हटलेल्या त्याच अभ्यासात लिथियम, ॲल्युमिनियम, तांबं आणि शिसं या चार धातूंचं यानांकडून येणारं प्रमाण उल्काधुळीपेक्षा जास्त निघालं. मिश्रण बदलतंय, आणि ते आपण बदलतोय.

चौकटराजा

जपानच्या लाकडी उपग्रहाचा उल्लेख कुणीच कसा केला नाही? लिग्नोसॅट, क्योटो विद्यापीठ आणि सुमितोमो फॉरेस्ट्री यांचा. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, मॅग्नोलियाचं लाकूड, खिळा-स्क्रू किंवा गोंद न वापरता पारंपरिक जोडणी. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो स्थानकाकडे गेला. अवकाशात ओलावा नाही, प्राणवायूही नाही, म्हणून लाकूड कुजत नाही. रेडिओ लहरी त्यातून आरपार जातात, म्हणून अँटेना आतही ठेवता येतो. मला तर निळा_थर यांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच दिसतं.

सांधेजोड

प्रयोग सुंदर आहे, मनापासून सांगतो. पण लाकूड फक्त पेटीचं. सौरघट, बॅटऱ्या, सर्किट बोर्ड तसेच आहेत. आणि दहा सेंटिमीटरला जे जमलं ते अर्ध्या टनाच्या उपग्रहाला जमेलच असं नाही. तिथे प्रक्षेपणाच्या वेळची कंपनं, सूर्य-सावलीतले तापमानबदल आणि दुर्बिणीची अचूकता हे सगळं एकाच चौकटीने सांभाळायचं असतं.

निळा_थर

मग जाळूच नका. अखंड उतरवा, दक्षिण प्रशांतात. रशियाचं मीर स्थानक वाटेत फुटून बरंच जळालं, पण २००१ मध्ये त्याचे उरलेले तुकडे ठरवून तिथेच पाडले होते.

पुनर्प्रवेश

मीरला ढकलायला रासायनिक इंजिनं होती. आजच्या बहुसंख्य छोट्या उपग्रहांवर विद्युत इंजिनं असतात, त्यांचा जोर इतका थोडा की तो मिलिन्यूटनांत मोजतात. कक्षा हळूहळू खाली आणायला ती उत्तम, पण अमुक समुद्रात, अमुक मिनिटाला पडायचं तर शेवटी एक जोरदार धक्का लागतो. तो देणारं इंजिन, टाकी आणि इंधन प्रत्येक उपग्रहावर चढवायचं म्हटलं तर वजन वाढतं, आणि ती टाकी पुन्हा टायटॅनियमचीच! अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने २०२२ मध्ये खालच्या कक्षेतल्या उपग्रहांसाठी काम संपल्यावर पाच वर्षांत खाली येण्याचा नियम केला. खाली या म्हणजे कुठे आणि कोणत्या रूपात, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

माझी मागणी मी मागे घेत नाही. मोठ्या यानांना समुद्रात उतरवण्याची सक्ती, लहान यानांत न वितळणाऱ्या मोठ्या भागांवर बंदी. आणि प्रत्येक निर्मात्याने आपल्या घटकांच्या उष्ण प्लाझ्मा (अतितप्त वायू) प्रवाहातल्या चाचण्यांचे निकाल जाहीर करावेत, नुसतं संगणकावरचं गणित दाखवून परवाना मिळू नये. नेपल्सच्या दांड्याबाबतही गणित होतंच.

सांधेजोड

चाचण्या जाहीर कराव्यात, याला माझा पूर्ण पाठिंबा. बंदीला नाही. युरोपीय अवकाश संस्थेची ड्रॅको मोहीम २०२७ साठी आखली आहे. सुमारे दोनशे किलोचा उपग्रह मुद्दाम वातावरणात फोडायचा आणि आतल्या छोट्या कुपीने तो कसा, कोणत्या क्रमाने उकलतो याच्या नोंदी जपून खाली आणायच्या. कोणता भाग किती उंचीवर सुटतो, हे प्रत्यक्ष मोजलेलं हाती येईपर्यंत धातूंची यादी करणं घाईचं आहे.

निळा_थर

ती कुपी उपग्रहाच्या आतलं सांगेल. त्याचे कण मागे हवेत किती आणि कुठल्या आकाराचे उरले, हे मोजायला त्याच मार्गाखाली विमानं किंवा फुगे लागतील. परवान्याच्या शुल्कातून त्या मोजणीचा खर्च निघावा, ही माझी मागणी. त्यावर पुनर्प्रवेश यांचं मत ऐकायला आवडेल.