मदत हवी आहे: ना स्त्री, ना पुरुष, पण माणूसच

मंडळी, एक विज्ञानकथा लिहितेय आणि अडकलेय. त्यात अंतराळयानावरचं एक डॉक्टर आहे. ते स्वतःला स्त्री मानत नाही, पुरुष मानत नाही, दोन्हींच्या मधलंही मानत नाही. त्याचं त्याला दुःखही नाही.

अडचण अशी की विज्ञानकथेत असं पात्र बहुतेकदा यंत्र नाहीतर परग्रहवासी असतं. लेखिका मार्था वेल्सच्या कथांमधलं मर्डरबॉट हे पात्र (२०१७) मला फार आवडतं, पण ते अर्धं यंत्रच. ग्रेग ईगनच्या 'डिस्ट्रेस' कादंबरीत (१९९५) मात्र स्वेच्छेने अलिंगी झालेली माणसं आहेत, ती जास्त जवळची वाटली. आणि खऱ्या जगात तर अशी माणसं आहेतच! २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतःला स्त्री किंवा पुरुष न मानणाऱ्या नॉरी यांच्या बाजूने निकाल दिला. लिंगाची नोंद 'अनिर्दिष्ट' अशी करता येते, हे मान्य केलं.

अशा ओळखीने जगणाऱ्यांनी, किंवा तुमच्या जवळचं कुणी तसं असेल तर तुम्ही, सांगाल का? माझ्या एका प्रसंगात रुग्ण डॉक्टरला 'ताई' म्हणतो, मग गडबडून 'दादा' म्हणतो. डॉक्टर नुसतं नाडी बघत राहतं. हे खरं वाटतं का, की तिथे ते काहीतरी बोललं असतं? बोललं असतं तर काय? शिवाय सगळीकडे 'ते बघतं, ते हसतं' असं वाचताना माणसाची वस्तू होतेय असं तर वाटत नाही ना, याची मला खरी काळजी आहे.

अशी मानवी पात्रं असलेल्या आणखी कथाही सुचवा, मराठीतल्या असतील तर आधी त्या.